कामावरची मुले आणि वर्गातली मुले

"चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे हा गुन्हा आहे," हे वाक्य आपल्या शाळांतील पुष्कळ मुलांना पाठ असते. परीक्षेत ते लिहिले की गुण मिळतात. पण याच मुलांना, तुमच्या शाळेच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर कपबशा विसळणारा पोऱ्या कोण, असे विचारून पाहावे. मुले एकमेकांकडे पाहू लागतात. तो पोऱ्या त्यांना रोज दिसतो, त्याचे नावही कित्येकांना ठाऊक असते; पण पुस्तकातल्या वाक्याचा आणि त्या पोऱ्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनात आलेले नसते. ही त्या मुलांची चूक आहे असे मी म्हणणार नाही. आपण वडील माणसे त्याच टपरीवर चहा घेतो आणि वर्तमानपत्रातली बालमजुरीची बातमी तिथेच वाचतो.

जगातील बालमजुरी हा विषय आज विद्यार्थ्यांना कसा शिकवावा, याविषयी मी बोलणार आहे. विषय शाळेचा दिसला तरी श्रोत्यांमध्ये शिक्षकांपेक्षा पालक अधिक आहेत, हे मला बरेच वाटते. कारण हा धडा वर्गात अर्धाच होतो, उरलेला अर्धा घरी होतो.

प्रथम आकडे सांगतो. आकडे रुक्ष असतात खरे, पण ह्या विषयात त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ ह्या दोन संस्था दर चार वर्षांनी मिळून जगाचा अंदाज काढतात. २०२५ च्या जून महिन्यात त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२४ सालचा अंदाज आहे. त्याप्रमाणे पाच ते सतरा वर्षे वयाची सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत आहेत, आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ४० लाख मुले जिवाला किंवा शरीराला धोका पोचेल अशा कामात आहेत. आपल्या महाराष्ट्राची सगळी लोकसंख्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांसुद्धा, २०११ च्या शिरगणतीत ११ कोटी २४ लाख भरली होती. एवढे सांगितले की मुलांना त्या संख्येचा आवाका कळतो.

परंतु एवढ्यावर थांबलात तर तुम्ही मुलांना नुसते घाबरवले असे होईल. हीच संख्या २००० साली २४ कोटी ६० लाख होती, हे लगोलग सांगितले पाहिजे. मधल्या काळात जगातील मुलांची संख्या वाढली आणि राबणाऱ्या मुलांची जवळजवळ निम्म्यावर आली. हा उतार सरळ नव्हता. २०१६ साली १५ कोटी २० लाखांपर्यंत आलेला आकडा २०२० साली पुन्हा १६ कोटींवर चढला, आणि मग खाली आला. आशिया आणि पॅसिफिक विभागात २०२० ते २०२४ ह्या चार वर्षांत ४ कोटी ९० लाखांवरून २ कोटी ८० लाखांपर्यंत घट झाली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मात्र ८ कोटी ७० लाख मुले, म्हणजे जगातील एकूण संख्येच्या जवळजवळ दोन तृतीयांश, आजही कामावर आहेत. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांत सर्व देशांनी मिळून ठरवले होते की २०२५ पर्यंत बालमजुरी नाहीशी करू. २०२५ साल आले आणि वर सांगितलेला अहवाल हाती पडला. मुलांना ही गोष्ट लपवून सांगण्याचे कारण नाही. मोठ्या माणसांनी दिलेला शब्द पुरा झाला नाही हे त्यांना कळू द्यावे. तो का पुरा झाला नाही हे विचारण्याची त्यांना त्यामुळेच इच्छा होईल.

आता एक प्रश्न वर्गातून हमखास येतो, आणि तो आला नाही तर शिक्षकाने स्वतः काढावा. "मी आईला भाजी निवडू लागतो, दादा सुट्टीत वडिलांच्या दुकानात बसतो, ही बालमजुरी का?" नाही. आपल्याकडे कामाला कमीपणा मानण्याची खोड आधीच पुष्कळ आहे. तीत ह्या धड्याने भर पडता कामा नये. मुलाने अंगण झाडावे, आडाचे पाणी काढावे, गुरांना वैरण टाकावी, धाकट्या भावंडाला खेळवावे, ह्यात त्याचे अहित नाही, हितच आहे. मग रेघ कोठे ओढायची? आंतरराष्ट्रीय गणनेत ती तासांनी ओढलेली आहे. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाने आठवड्यात एक तासही कमाईचे काम केले तर ते बालमजुरीत धरतात. बारा ते चौदा वर्षांच्या मुलाला चौदा तासांची मर्यादा आहे. पंधरा ते सतरा वर्षांसाठी त्रेचाळीस तासांची. धोक्याचे काम मात्र अठरा वर्षांपर्यंत, तासभरही, मान्य नाही.

तासांचा हिशेब हा शिक्षकाला मिळालेला फार चांगला धागा आहे. चौदा तास म्हणजे दिवसाला दोन तास. मुलांना सांगावे की गेल्या आठवड्यात तुम्ही घरी कोणते काम किती वेळ केले ते वहीत लिहा. वर्गातल्या मुलग्यांचे आणि मुलींचे तास फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. त्यावर भाष्य करण्याची फारशी गरज पडत नाही. ह्या जागतिक अहवालातही हीच गोष्ट आहे. कमाईची कामे मोजली तर मुलगे अधिक भरतात. पण आठवड्याला एकवीस तास किंवा त्याहून अधिक असे घरकाम जमेला धरले की मुलींची संख्या वर जाते. एकवीस तास म्हणजे दिवसाला तीन. स्वयंपाक, धुणे, पाणी, लहान भावंड, असे तीन तास भरायला आपल्या गावात मुलगी फार लांब शोधावी लागणार नाही.

परंतु तास हे एक माप झाले. वर्गात मी तीन साधे प्रश्न सुचवीन. त्या कामामुळे शाळा बुडते काय? त्या कामाने शरीराला किंवा मनाला इजा होते काय? आणि "मला हे काम नको" असे म्हणण्याची त्या मुलाला सोय आहे काय? तिसरा प्रश्न मुलांना चटकन समजतो, कारण नाही म्हणण्याची सोय नसणे म्हणजे काय हे प्रत्येक मुलाने थोडेफार अनुभवलेले असते. उचल घेऊन बापाने गहाण टाकलेल्या मुलाची अवस्था मग निराळी समजावून द्यावी लागत नाही. पाकिस्तानातला इक्बाल मसीह नावाचा मुलगा सुमारे चार वर्षांचा असताना सहाशे रुपयांच्या कर्जापोटी गालिच्यांच्या मागावर बसवला गेला. दहा वर्षांचा असताना तो सुटला, इतर मुलांच्या सुटकेसाठी बोलू लागला, आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये गोळी लागून मेला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. ही गोष्ट सांगावी; पण एवढीच सांगू नये. शूर मुलाची कथा ऐकून वर्ग भारावतो आणि सुटतो. उरलेल्या कोट्यवधी मुलांच्या आयुष्यात एवढे काही घडत नाही. ती फक्त रोज कामावर जातात.

कोठे जातात? आपल्या डोळ्यांपुढे कारखाना उभा राहतो. धूर, यंत्रे, मागावर वाकलेली पोरे. परंतु २०२४ च्या अंदाजाप्रमाणे ह्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के शेतीत आहेत. घरकाम, दुकाने, खानावळी वगैरे सेवांच्या धंद्यांत २७ टक्के, आणि कारखाने, खाणी, बांधकाम हे सगळे मिळून १३ टक्के. बहुतेक मुले परक्या मालकाकडे नसून स्वतःच्या आईबापांबरोबर काम करीत असतात. हे एकदा कळले म्हणजे "दुष्ट मालक आणि बिचारे मूल" हे सिनेमातले चित्र पुरेसे नाही हे ध्यानात येते. दुष्ट मालक असतात, नाहीत असे नाही. पण केवळ त्यांना तुरुंगात टाकून हा प्रश्न सुटणारा नाही.

एक वस्तू हातात घ्यावी आणि तिच्यामागे चालत जावे, ही शिकवण्याची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. चॉकलेट घ्या. ते कोकोच्या बियांपासून होते, आणि जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत, आयव्हरी कोस्ट आणि घाना येथे, पिकतो. मोठाले मळे नव्हेत. आपल्याकडल्यासारखी लहान लहान कुटुंबांची थोडक्या जमिनीची शेते. कोकोची फळे झाडाच्या खोडालाच लागतात. ती लांब पात्याच्या सुऱ्याने तोडायची, फोडायची, आतल्या गरासकट बिया केळीच्या पानांखाली काही दिवस आंबत ठेवायच्या, मग उन्हात वाळवून पोती भरायची. ह्यातले प्रत्येक काम मुले करतात. सुऱ्याने जखमा होतात, डोक्यावरच्या ओझ्याने मान धरते, फवारणीची औषधे अंगावर येतात. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका संस्थेने २०२० साली केलेल्या पाहणीत ह्या दोन देशांच्या कोकोच्या प्रदेशात सुमारे १५ लाख ६० हजार मुले अशा कामात आढळली. आणि मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी ही प्रथा मोडण्याचा करार २००१ सालीच केलेला होता! चॉकलेट वितळते म्हणून ते पिकवणाऱ्या गावांत फारसे मिळत नाही. पुष्कळ कोको-शेतकऱ्यांच्या मुलांना त्याची चव ठाऊक नसते.

हे ऐकून वर्गातला एखादा सहृदय मुलगा उभा राहतो आणि म्हणतो, "मग आम्ही आजपासून चॉकलेट खाणार नाही." त्याचे कौतुक करावे आणि त्याला बांगला देशाची हकीकत सांगावी. १९९२ साली अमेरिकेच्या सेनेटमध्ये हार्किन नावाच्या सभासदाने एक विधेयक मांडले : ज्या मालाला मुलांचे हात लागले आहेत तो आमच्या देशात येऊ देऊ नये. हेतू उत्तमच होता. विधेयक मंजूर झालेही नाही. पण त्याच्या नुसत्या धास्तीने ढाक्याच्या कपड्यांच्या कारखानदारांनी हजारो मुलांना, बहुतेक मुलीच त्या, एका फटक्यात काढून टाकले. युनिसेफने १९९७ च्या आपल्या वार्षिक ग्रंथात नमूद केले आहे की त्या मुलांचा मागोवा घेतला तेव्हा कित्येक जणी दगड फोडण्याच्या कामात, रस्त्यावर किरकोळ धंद्यात, आणि काही तर वेश्याव्यवसायात सापडल्या. त्यांना शाळा कोणी उघडून दिली नव्हती. मग १९९५ साली कारखानदारांची संघटना, श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी करार केला. ह्यापुढे काढलेल्या मुलाला आधी शाळेत जागा आणि घरात थोडे मासिक साहाय्य, मग कामावरून मुक्ती, असा क्रम त्याने ठरला. त्या क्रमाला मी फार महत्त्व देतो. मुलाला काय नको हे ठरवणे सोपे असते. त्याऐवजी काय द्यायचे हे ठरवून ठेवलेले नसेल तर तो गरिबाच्या घरावरचा आणखी एक घाला होतो.

दुसरी वस्तू मी मुद्दाम घरची घेतो. साखर. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे बॉयलर दिवाळीच्या सुमारास पेटतात, आणि त्याच सुमारास बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मजुरी मिळते ती तोडलेल्या उसाच्या टनावर. आता वर्गात हा हिशेब मांडून पाहा. टनावर पैसे मिळणार, उचल फेडायची आहे, तेव्हा जितके हात लागतील तितके हवेच आहेत. बारा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधू लागतो, वाढे गोळा करतो. नऊ वर्षांची मुलगी कोपीत तान्ह्या भावाला सांभाळते आणि भाकऱ्या थापते. ह्या दोघांचे नाव कोठल्याही हजेरीपटावर नाही. कोयता एकच, माणसे चार. निरीक्षक आला आणि त्याने कारखान्याचे सगळे दप्तर तपासले तरी त्याला बालमजूर सापडणार नाही. कायद्याला चकवण्यासाठी कोणी मुद्दाम लबाडी केली आहे असेही नाही. मोजण्याची रीतच अशी आहे की तीत मूल दिसत नाही.

इथे कायदा काय म्हणतो ते सांगितले पाहिजे. आपल्या घटनेच्या चोविसाव्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व इतर धोक्याच्या कामांत मनाई केली. १९८६ साली बालमजुरीचा कायदा झाला. १० ऑक्टोबर २००६ पासून घरकाम आणि हॉटेले-खानावळी यांतही मनाई आली. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण हा मूलभूत हक्क दिला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सगळ्याच कामधंद्यांत मनाई झाली, आणि चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना खाणी, स्फोटक द्रव्ये व इतर धोक्याच्या कामांत. मालकाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. मात्र त्याच दुरुस्तीत एक खिडकी ठेवली आहे : शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मुलाने आपल्या कुटुंबाच्या धंद्याला मदत केली तर चालेल. ह्या खिडकीतून वारा येतो की चोर येतो, हा वाद अजून चालू आहे. मला स्वतःला ती खिडकी फार मोठी वाटते. घरच्या मागावर रात्री अकरापर्यंत बसलेल्या मुलाला 'मदत' करणारा म्हणायचे की काय, हे पाहायला घरात निरीक्षक जात नाही. वरच्या वर्गांत ह्यावर दोन बाजूंनी चर्चा ठेवावी. मुले फार चांगली बोलतात.

ह्या प्रश्नाला आपला इतिहासही आहे, आणि तो शिकवताना आपल्याला थोडे खाली पाहावे लागते. मुंबईच्या गिरण्यांत मुले राबत होती म्हणून १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने काय दिले? सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास! १८९१ साली हे वय नऊ झाले आणि तास सात झाले. ह्या कायद्यांमागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता हे खरे, आणि म्हणून आपल्याकडल्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्यांना विरोध केला. पण त्या विरोधाच्या धुरळ्यात गिरणीतले मूल दिसेनासे झाले, हेही खरे. ज्यांना ते दिसत होते त्यांत नारायण मेघाजी लोखंडे होते. १९१९ साली वॉशिंग्टनला श्रम संघटनेची पहिली परिषद भरली, तिला आपल्याकडून कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. त्या परिषदेने कारखान्यांसाठी किमान वय चौदा ठरवले. हिंदुस्थानसाठी मात्र अपवाद करून ते बारा ठेवले.

आणि कारखान्याचा कायदा हा अर्धाच उपाय आहे हे ज्यांनी आधी ओळखले ते महात्मा फुले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी मागणी केली की निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शेतकऱ्यांची मुले गुरे राखायला आणि शेताकडे पाहायला घरी लागतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे त्यांना पुरते ठाऊक होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. गोखल्यांनी १९११ साली तसेच विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात आणले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पोरे शाळेत गेली तर शेतावर राबायचे कोणी, ही जमीनदारांची चिंता त्या विरोधात होती. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. इंग्लंड-अमेरिकेच्या बालमजुरीचे धडे आपण आवडीने शिकवतो. हा आपला धडा त्यांच्याआधी शिकवायला हवा.

अमेरिकेतला एक माणूस मात्र मी कधीच वगळणार नाही, कारण तो शिक्षक होता. लुईस हाइन. न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिकवता शिकवता त्याने छायाचित्रण हाती घेतले, आणि १९०८ पासून राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी तो गिरण्या, खाणी, मासे डबाबंद करण्याचे कारखाने पालथे घालू लागला. मालक आत येऊ देत नसत, म्हणून कधी विमा विकणारा, कधी बायबल विकणारा बनून जायचा. मुलांची उंची मोजायला त्याने आपल्या बंडीच्या गुंड्या मोजून ठेवल्या होत्या. मूल शेजारी उभे राहिले की ते कोणत्या गुंडीपर्यंत येते हे पाहून तो खिशातल्या खिशात टिपण करी. त्याच्या प्रत्येक छायाचित्राखाली गाव, काम आणि कळले तर वय असे. मुलांना ही छायाचित्रे दाखवावीत. त्यांत रडणारी मुले क्वचितच आहेत. बहुतेक मुले सरळ आपल्याकडे पाहत उभी आहेत. अमेरिकेचा देशव्यापी कायदा व्हायला त्यानंतर तीस वर्षे लागली. तो १९३८ साली झाला. आणि त्या श्रीमंत देशातही प्रश्न संपला असे समजू नये : २०२३ साली कत्तलखान्यांची रात्रपाळीची सफाई करणाऱ्या एका कंपनीला तेथील सरकारने १५ लाख डॉलर दंड केला, कारण आठ राज्यांत मिळून तेरा ते सतरा वर्षांची १०२ मुले त्या कामावर सापडली होती. शेतीत तर बारा वर्षांच्या मुलाला, शाळेची वेळ सोडून, पालकांच्या संमतीने काम करण्याची मोकळीक तेथील कायदा आजही देतो.

सर्वांत अवघड प्रश्न मोठ्या मुलांकडून येतो. "सर, ती गरीब आहेत. काम केले नाही तर खातील काय?" हा प्रश्न आपण पालकही विचारतो, आपण विचारतो तेव्हा बहुधा तो प्रश्न नसून सबब असते. मायरन वायनर या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ साली भारतावर लिहिलेल्या ग्रंथात हेच म्हटले, आणि तेव्हा ते आपल्याला पुष्कळ झोंबले होते. त्याचे म्हणणे असे की आपल्याकडे मुले कामावर आहेत त्याचे मुख्य कारण दारिद्र्य नव्हे. गरिबांच्या मुलांनी काम करायचे आणि आपल्या मुलांनी शिकायचे, ही आपल्या सुशिक्षित वर्गाची आणि अधिकाऱ्यांची मनातली समजूत हे कारण आहे. मी त्याच्याशी सर्वस्वी सहमत नाही. दारिद्र्य आहेच, आणि ज्याने कोपीत एक रात्र काढली तो ते नाकारणार नाही. परंतु दुसरी बाजूही हिशेबाने दाखवता येते. जिथे मूल थोडक्या पैशांत मिळते तिथे मोठ्या माणसाला पुरी मजुरी कोणी कशाला देईल? बापाची मजुरी उतरते म्हणून मुलगा कामाला जातो, आणि मुलगा कामाला जातो म्हणून बापाची मजुरी उतरते.

ह्या चक्रातून बाहेर पडल्याची उदाहरणे आहेत. आंध्रातल्या, म्हणजे आता तेलंगणात असलेल्या, रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांनी १९९१ पासून काम सुरू केले. त्यांनी एक सोपे पण कठोर सूत्र धरले : जे मूल शाळेत नाही ते बालमजूर. कसले काम करते, घरचे की बाहेरचे, पगारी की बिनपगारी, ही चौकशीच नको. मग वाढलेल्या मुलांना थेट पहिलीत बसवण्याऐवजी त्यांच्यासाठी काही महिन्यांची निवासी शिबिरे काढली आणि वयाला साजेल अशा वर्गात त्यांना पोचवले. हजारो गरीब आईबापांनी आपली मुले पाठवली. दारिद्र्य तेच होते. शाळेपर्यंत जायला वाट झाली होती. २००३ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने शाळांत शिजवलेले दुपारचे जेवण सुरू झाले. ब्राझीलने २००३ पासून मूल शाळेत जाते या अटीवर गरीब कुटुंबाला मासिक रक्कम द्यायला घेतली. हे सगळे उपाय "खातील काय" ह्या प्रश्नाला उत्तर देतात, म्हणून ते टिकतात.

शिकवताना एक पथ्य पाळावे लागते, ते शिक्षकांसाठी सांगतो. वर्गात असे एखादे मूल बसलेले असते की जे पहाटे वर्तमानपत्रे टाकून आलेले असते, किंवा संध्याकाळी आईबरोबर गजरे विकायला बसणार असते. फळ्यावर 'बालमजूर' हा शब्द लिहिला की ते मान खाली घालते. त्याच्याकडे बोट दाखवू नये, त्याला उभे करून "सांग बरे तुझा अनुभव" असे तर मुळीच म्हणू नये. पुढच्या आठवड्यात ते शाळेत येणार नाही. दया उत्पन्न करणारी चित्रे लावून वर्गणीचा डबा फिरवणे हाही प्रकार मला पसंत नाही. मुलांनी दोन-दोन रुपये टाकले की त्यांच्या मनाचे समाधान होते आणि प्रश्न तिथेच मिटतो.

पालकांना सांगायचे ते थोडे आहे. घरी वरकामाला किंवा बाळाला सांभाळायला ओळखीतून आणलेली अकरा-बारा वर्षांची मुलगी असेल, तर "ती आमच्या घरातलीच आहे, आम्ही तिला नीट वागवतो," हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही, आणि आपल्या मुलांपुढे तर त्याहून नाही. घरातली असेल तर ती आपल्या मुलीच्या शाळेत का नाही, हा प्रश्न शाळेत हा धडा नीट झाला तर संध्याकाळी जेवताना तुम्हांला ऐकावा लागेल. तेव्हा मुलावर रागावू नका. अशा मुलीसाठी किंवा टपरीवरच्या पोऱ्यासाठी मदत मागायची असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

राहिला हा तास केव्हा घ्यावा हा प्रश्न. जगात १२ जून हा बालमजुरीविरोधी दिन म्हणून २००२ पासून पाळतात. आपल्याकडे त्या वेळी शाळा उघडलेल्याच नसतात, आणि उघडल्या की नव्या पुस्तकांच्या गडबडीत तो दिवस मागे पडलेला असतो. मी दिवाळीनंतरचा पहिला आठवडा सुचवतो. त्या वेळी रस्त्याने उसाच्या गाड्या जाऊ लागलेल्या असतात. मराठवाड्यातल्या शाळेत पटावरची काही मुले गेलेली असतात आणि कारखान्याजवळच्या शाळेच्या आसपास काही नवी मुले हिंडताना दिसतात. बहुधा ती तीच असतात. गेलेल्या मुलांची नावे पटावरून कमी करायची नसतात. गावात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह निघाले आहे की नाही हे सप्टेंबरातच पाहावे लागते, कारण मुकादमाचा ट्रक आला म्हणजे वेळ गेलेली असते. जी जातातच त्यांच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते, म्हणजे तिकडच्या शाळेला त्यांना दाखल करून घेता येते. हे कार्ड भरायचे काम शिक्षकाचे. पण कोण कोठे गेले, कोणाच्या टोळीत गेले, हे त्याला वर्गातली उरलेली मुलेच सांगू शकतात.